वॉर्डची जबाबदारी चोविसाव्या वर्षी घ्यावी का?

प्रश्न : मुलगी जीएनएम (नर्सिंगची पदविका) करून दोन वर्षं चिपळूणच्या एका खाजगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. आता तिला मेडिसिन वॉर्डची इनचार्ज करतायत. हाताखाली नुकत्याच पास झालेल्या चार मुली. वय अवघं चोवीस, तिचं कोण ऐकणार? त्यापेक्षा आधी पोस्ट बेसिक (जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी) करू द्यावं का? – एक आई, संगमेश्वर

उत्तर : ताई, घेऊ द्या जबाबदारी. पोस्ट बेसिक बीएस्सी दोन वर्षांचं. ते करायलाच हवं, पण वर्षभराने केलं तरी चालेल. फक्त होकाराआधी तिने मेट्रनशी, म्हणजे नर्सेसच्या प्रमुखांशी, एक गोष्ट पक्की करावी : नवीन मुलगी पहिला महिना अनुभवी सिस्टरच्याच पाळीत राहील, एकटीला नाईट नाही. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) आणि सर्पदंशाचे पेशंट वाढतात, स्टाफ अपुरा पडतो आणि नाईट नवख्या मुलीच्या गळ्यात पडते. गंभीर चुका तिथे होतात.

मुली ऐकतील ते हातातलं काम बघून. उदाहरणार्थ, सर्पदंशात करतात ती रक्त गोठण्याची वीस मिनिटांची चाचणी. २ मिली रक्त, काचेची नवी, कोरडी टेस्ट ट्यूब, वीस मिनिटं न हलवता. प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली ट्यूब घेतली, तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि विष चढल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो. हे कारणासकट आधी करून दाखवायचं, मग नवीन मुलीकडून समोर करून घ्यायचं, मगच एकटीवर सोपवायचं. ‘मीच पटकन करते’ ही हुशार इनचार्जची नेहमीची खोड. त्याने मुली शिकत नाहीत आणि हिची रजा कायमची बुडते.

ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरला सांगणं, टेबलावर नको, खाटेजवळ द्यायला लावावी. ‘पेशंट बरा आहे’ हे चालणार नाही. ‘लेप्टो, पन्नास किलो वजन, सहा तासांत लघवी १०० मिली, डॉक्टरांना कळवलंय’ असं हवं. तासाला किलोमागे अर्धा मिली धरला तर १५० व्हायला हवी होती. हा हिशेब नवीन मुलीकडूनच करून घ्यावा.

चूक झाली तर पेशंटसमोर ओरडू नये. एकदा अपमान झालेली मुलगी पुढच्या वेळी चुकलेला डोस लपवते, आणि ते जिवावर बेतू शकतं.

आणि नेमणुकीचं पत्र लेखी घ्या. अनुभवाच्या दाखल्यावर नुसतं ‘स्टाफ नर्स’ लिहून आलं, तर पुढच्या नोकरीत ही इनचार्जशिप मोजली जाणार नाही.