रात्रीची वीज कुठून येते, ते विचारा

‘आम्ही शंभर टक्के हरित वीज वापरतो’ असं मोठ्या कंपन्या सांगतात. मग त्यांची डेटा सेंटर, म्हणजे सर्व्हर ठेवलेली मोठी केंद्रं, रात्री कशावर चालतात? (पुणे)

तुमच्या-आमच्या घरासारखीच, ग्रिडवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक वीजजाळ्यावर. आणि महाराष्ट्रात रात्रीच्या ग्रिडमध्ये मोठा वाटा कोळशाचा असतो. दावा खोटा नाही, पण हिशेब वर्षाचा आहे. वर्षभरात जेवढे युनिट जाळले तेवढीच सौरवीज कुठेतरी विकत घेतली, की मार्चअखेर वही जुळते. दुपारची जास्तीची वीज रात्रीच्या खात्यात वळती होते. प्रत्यक्षात सूर्य मावळल्यावर बॉयलरच पेटलेला असतो.

गूगलने २०१७ पासून असा वार्षिक हिशेब जुळवला. तेवढ्यावर न थांबता २०३० पर्यंत प्रत्येक तासाला, त्याच ग्रिडवर कार्बनमुक्त वीज वापरायची, असं उद्दिष्ट २०२० मध्ये जाहीर केलं. ते गाठणं कठीण आहे. तरी मला हीच मागणी प्रत्येक कंपनीकडे करावीशी वाटते, कारण तासाचा हिशेब मांडला की बॅटरी, पवनऊर्जा, उदंचन जलविद्युत (जास्तीच्या विजेने पाणी वर चढवून ठेवायचं आणि गरजेला खाली सोडून वीज करायची) यांत पैसा घालावाच लागतो.

आमची साठ जणांची आयटी कंपनी आहे. हरित प्रमाणपत्रं घ्यावीत का? (नाशिक)

ही प्रमाणपत्रं म्हणजे कुठेतरी हरित वीज तयार झाल्याच्या विकत मिळणाऱ्या पावत्या. त्या शेवटी घ्या. आधी सर्व्हर रूमचं दार उघडा. एका कार्यालयाच्या ऊर्जा तपासणीत मी पाहिलं: एसी १८ अंशांवर, आत काम करणारा मुलगा स्वेटर घालून, आणि रॅकमधल्या रिकाम्या खणांतून मागची गरम हवा परत पुढे येत होती. खणांवर साध्या झाकणपट्ट्या बसवल्या, एसी २४ वर नेला. सर्व्हरची काही तक्रार नव्हती. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा २७ अंशांपर्यंत चालते.

मग वीजबिल काढा. मंजूर भार १०० किलोवॅट किंवा जास्त असेल तर २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार ओपन ॲक्सेसने, म्हणजे वितरण कंपनीच्याच तारांवरून पण आपण निवडलेल्या उत्पादकाकडून, थेट हरित वीज घेता येते. कमी असेल तर छतावर सोलर.

डेटा सेंटरची उष्णता वाया का घालवतात? (ऐरोली)

डेन्मार्कमधल्या ओडेन्से शहरात मेटाच्या (फेसबुकच्या कंपनीच्या) डेटा सेंटरची उष्णता शहराच्या तापन-जाळ्यात जाऊन घरं उबदार ठेवते. ऐरोलीत ऊब कोणाला हवी आहे? इथे आग्रह धरायचा तो शीतकरणासाठी पिण्याचं पाणी न वापरता प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरण्याचा.

मी क्लाउड इंजिनिअर आहे. माझ्या हातात काय आहे? (हिंजवडी)

बरंच आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरच्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, एकूण वापराच्या साधारण दीड टक्का. २०३० पर्यंत हा आकडा दुपटीहून पुढे जाईल असं संस्था म्हणते. यातलं पुष्कळ काम घाईचं नसतं. बॅकअप, रिपोर्ट, मॉडेल ट्रेनिंग आपण सवयीने रात्री दोनला लावतो. भारतीय ग्रिडवर सौरवीज दुपारी असते. यादी काढा, आणि ज्या कामाला सकाळची मुदत नाही ते दुपारी बाराला लावा. सर्व्हरवर दिवसा लोड असतो हे खरं, म्हणून एका जॉबपासून सुरुवात करा.