कोडेक फुकट, पण पेटंट?
पहिलंच कॉलिंग ॲप करताय, छानच! एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कोडेकचा (आवाज दाबून पाठवणाऱ्या आणि पुन्हा उलगडणाऱ्या प्रणालीचा) सोर्स कोड मोफत मिळाला म्हणजे पेटंटचा परवानाही मिळाला असं नाही. कॉपीराइट वेगळा, पेटंट वेगळं. नवखे नेमके इथेच फसतात.

सुरुवात ओपस या कोडेकने करा. २०१२ साली आरएफसी ६७१६ (इंटरनेटचा मानक दस्तऐवज) म्हणून ते प्रमाणित झालं, आणि ते घडवणाऱ्यांनी आपली पेटंटं रॉयल्टीशिवाय खुली केली आहेत. आवाज तर ६ केबीपीएसलाही (सेकंदाला ६ किलोबिट) समजतो!

जुन्या टेलिफोन यंत्रणेशी जोडायचं असेल, तर हे कोडेक:
- जी.७११ (१९७२): बिनधास्त वापरा.
- जी.७२९: पूर्वी प्रति चॅनल (एका वेळी चालणाऱ्या प्रत्येक कॉलमागे) पैसे लागायचे, २०१७ पासून मोफत.

ईव्हीएस या मोबाइल नेटवर्कवरच्या कोडेकला मात्र परवान्याशिवाय हात लावू नका. करार केलात, तर रॉयल्टी कशावर मोजतात, चॅनलवर की उपकरणावर, हे सहीआधी वाचा.