वाचक विचारतात : फाटका फुटबॉल, उसवलेला चेंडू आणि त्यांतून होणाऱ्या वस्तू

खेळाच्या टाकाऊ साहित्यातून पिशव्या, पाकिटे, दागिने करता येतील का, अशी विचारणा करणारी बरीच पत्रे आमच्याकडे आली आहेत. त्यांतील चार प्रश्न या अंकासाठी निवडले आहेत.

प्रश्न : आमच्या पेठेतील तालीम मंडळाचा फुटबॉल संघ आहे. हंगाम संपला की फाटके चेंडू खोलीत नुसते पडून राहतात. त्यांच्या पिशव्या करून घ्याव्यात, असे आम्हा कार्यकर्त्यांच्या मनात आहे. गावात चपला करणारे उत्तम कारागीर आहेत. हे काम त्यांना देता येईल का, आणि सुरुवात कशी करावी?
— एक कार्यकर्ता, कोल्हापूर

उत्तर : शाहू स्टेडियमवरच्या सामन्यासाठी सगळी पेठ लोटते, त्या गावात चेंडू कचऱ्यात टाकवत नाही, हे अगदी स्वाभाविक आहे. तरीही कात्री हातात घेण्याआधी चेंडूंची निवड करावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. ज्याचे फक्त ब्लॅडर (आतली हवेची पिशवी) गळते आहे किंवा ज्याची एखादीच शिवण उसवली आहे, तो चेंडू अजून फुटबॉलच आहे. शिवण थोडी उघडून, ब्लॅडर बदलून, पुन्हा टाके घातले की तो पेठेतल्या लहान मुलांना आणखी एक हंगाम पुरेल. पिशवीसाठी घ्यावा तो ज्याची वरची साल सुटून आतले कापड दिसू लागले आहे, असाच चेंडू.

आजचा फुटबॉल बहुधा चामड्याचा नसतो, हे कारागिराला आधीच सांगावे. वर पीयू किंवा पीव्हीसी या प्लॅस्टिकांचा थर आणि खाली चिकटवलेल्या कापडाचे पदर, अशी त्याची घडण असते. कोल्हापुरी चपलेचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते. ते भिजवून, ठोकून हवा तसा आकार देता येतो. फुटबॉलच्या तुकड्यावर ही पद्धत लागू पडत नाही, कारण भिजल्याने तो मऊ होत नाही, उलट कापडाचे पदर सुटू लागतात. चपलेच्या कारागिराची आरी (भोके पाडण्याचे टोकदार हत्यार), रापी (चामडे कापण्याचे पाते) आणि टाके घालण्याचा हात मात्र येथे पुरेपूर उपयोगी पडतो, आणि म्हणूनच हे काम त्यांच्याकडेच जावे, असे आम्हांला वाटते.

हाताने शिवलेला नेहमीचा चेंडू ३२ तुकड्यांचा असतो : २० षट्कोन आणि १२ पंचकोन. हवा पूर्ण काढावी, शिवणीत पाते घालून फक्त दोरा कापत जावे आणि तुकडे अखंड सुटे करावेत. प्रत्येक तुकड्याच्या कडेला शिवणीची भोके आधीपासून पाडलेली असतात आणि चेंडू जुळावा म्हणून प्रत्येक बाजूवरच्या भोकांची संख्या सारखी असते. त्यामुळे एका चेंडूतला कोणताही षट्कोन त्याच चेंडूतल्या कोणत्याही षट्कोनाला भोकाला भोक लावून जोडता येतो, नवे भोक पाडण्याची गरज राहत नाही आणि तुकडा कमकुवत होत नाही. मेण लावलेला पॉलिएस्टरचा दोरा दोन सुयांनी दोन्हीकडून ओवत नेला, तर एखादा टाका तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही.

षट्कोनांची सपाट जोडणी चांगली बसते, कारण तीन षट्कोन एका बिंदूत मिळाले की ३६० अंश पूर्ण होतात. पंचकोनांचे तसे होत नाही. तीन पंचकोन ३२४ अंशच भरतात आणि मध्ये फट उरते. म्हणून पिशवीचे अंग षट्कोनांचे करावे आणि पंचकोन बाजूला ठेवून त्यांची किचेन किंवा दोन पंचकोन जोडून टिचबटणाची नाण्यांची पाकिटे करावीत. ५ नंबरच्या चेंडूतील षट्कोनाची बाजू साडेचार सेंटिमीटरच्या आसपास असते. या मापाने २० षट्कोनांतून सुमारे एक हजार चौरस सेंटिमीटर, म्हणजे साधारण ३२ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा एकच पृष्ठभाग निघतो, आणि झिजलेले तुकडे वगळले तर त्याहूनही कमी. एका चेंडूत खांद्याला अडकवायची लहान पिशवी होते. वह्यापुस्तके मावतील अशा पिशवीला दोन ते तीन चेंडू लागतील, हे गृहीत धरूनच हिशेब करावा. मात्र दोन चेंडूंची भोके एकमेकांशी जुळतीलच असे नाही, म्हणून पिशवीची एकेक बाजू एकाच चेंडूतून काढणे सोयीचे. आतून सुती अस्तर लावावे, म्हणजे कापडाचे सुटलेले धागे वस्तूंना लागत नाहीत. हवा भरण्याचे छिद्र असलेला तुकडा मुद्दाम दर्शनी बाजूला ठेवावा. ही पिशवी कशाची आहे ते पाहणाऱ्याला न सांगता कळते.

अलीकडचे काही चेंडू शिवलेले नसून उष्णतेने चिकटवलेले असतात. त्यांचे तुकडे सुटे करताना फाटतात, त्यामुळे ते या कामासाठी घेऊ नयेत. उरलेली कात्रणे जाळू नयेत. पीव्हीसी जळताना अत्यंत घातक वायू बाहेर पडतात.

प्रश्न : मुलगा क्रिकेट शिकतो. घरात जुने लेदरचे चेंडू खूप साठले आहेत. त्यांच्या लाल चामड्याचे कानातले आणि पर्स करण्याचा माझा विचार आहे. चामडे आधी धुऊन घ्यावे का?
— एक वाचक, दादर

उत्तर : धुऊ नये, आणि भिजत तर अजिबात घालू नये. क्रिकेटच्या चेंडूचे चामडे बहुधा तुरटीने कमावलेले असते. पाण्यात राहिले की तुरटी निघून जाते आणि वाळल्यावर तेच चामडे कडक, ठिसूळ होते. ओलसर फडक्याने माती पुसावी, सावलीत वाळवावे आणि पावसाळ्यात धरलेली बुरशी मऊ ब्रशने झाडून काढावी, एवढीच सफाई पुरे आहे.

कापण्याआधी या चेंडूचाही खेळातला उपयोग संपला आहे ना, ते पाहावे. कसोटी सामन्यात ८० षटकांनंतर नवा चेंडू घेता येतो, पण बाजूला पडलेला चेंडू नेटमध्ये आणि नंतर झेलांच्या सरावात कितीतरी काळ चालतो. ज्याचे आवरण फाटले आहे किंवा शिवण सुटली आहे, तोच आपल्या टोपलीत यावा.

शिवणीच्या मधल्या फटीत धारदार पाते घालून चेंडूभोवती फिरवले की आवरणाचे दोन अर्धगोल सुटतात आणि आत लोकरीच्या दोऱ्याने गुंडाळलेला कॉर्क दिसतो. बाजूच्या टाक्यांच्या ओळी शक्य तितक्या राखाव्यात, कारण वस्तूला देखणेपण त्यांच्यामुळेच येते. हे अर्धगोल सपाट करण्याचा प्रयत्न करू नये, सुरकुत्या पडतात. दोन अर्धगोलांना चेन लावून गोल पर्स करणे हा या आकाराला सर्वांत मानवणारा उपयोग आहे, आणि त्यात चामड्याचा एक तुकडाही वाया जात नाही. फोर-पीस, म्हणजे चार तुकड्यांचे आवरण असलेल्या चेंडूचा अर्धगोल आतल्या जोडावर उसवला, तर सुमारे अकरा सेंटिमीटर लांब आणि मध्यभागी सहा सेंटिमीटरपेक्षा थोडा कमी रुंद असे पानाच्या आकाराचे दोन तुकडे मिळतात. किचेन, लहान पट्ट्या आणि कानातले यांतून निघतील. मोठे पाकीट निघणार नाही.

कानातल्यांच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. गोलंदाज चेंडू घासतो तेव्हा त्याच्या पांढऱ्या विजारीवर उमटणारे लाल डाग आपण पाहिलेच असतील. तोच रंग घामाने मानेला किंवा पांढऱ्या कुडत्याला लागू शकतो. प्रत्येक तुकडा ओलसर पांढऱ्या रुमालावर घासून पाहावा. रंग उतरत असेल, तर त्या तुकड्याचे किचेन करावे आणि न उतरणारा तुकडाच दागिन्यासाठी ठेवून, त्यावर मेणाचा पातळ हात फिरवून, मागच्या बाजूला पातळ कापड चिकटवावे.

प्रश्न : शाळेत बॅडमिंटनची तुटकी शटल आणि लहान झालेल्या जर्सी जमतात. मुलांकडून काय करून घेता येईल?
— एक क्रीडाशिक्षिका, नाशिक

उत्तर : पिसांच्या शटलमध्ये बदकाची किंवा हंसाची १६ पिसे असतात आणि एक-दोन मोडली तरी बाकीची चांगली राहतात. ती सोडवून, कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून धुऊन, पूर्ण वाळवून कानातली किंवा केसांच्या पिना करता येतील. पिसांची ॲलर्जी असलेल्या मुलांना हे काम देऊ नये. जर्सी धड असेल तर ती धाकट्या विद्यार्थ्याला द्यावी, हे सांगायला नकोच. फाटलेल्या जर्सीची नाडीची पिशवी उत्तम होते. पॉलिएस्टरच्या कापडातून प्रत्येक धुण्यात प्लॅस्टिकचे सूक्ष्म तंतू पाण्यात जातात, म्हणून वारंवार धुवाव्या लागणाऱ्या रुमालांपेक्षा बुटांची पिशवी बरी. छपाईवर गरम इस्त्री थेट फिरवू नये.

प्रश्न : अशा वस्तू विकताना चेंडूवरचे कंपनीचे चिन्ह तसेच ठेवले तर चालेल का? आणि किंमत कशी ठरवावी?
— एक बचत गट सदस्य, सातारा

उत्तर : घरच्या वापरासाठी अडचण नाही. विक्रीच्या वस्तूवर दुसऱ्याचे नोंदणीकृत चिन्ह ठळकपणे मिरवणे मात्र १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याच्या दृष्टीने वादाचे ठरू शकते. चिन्हाचा तुकडा आतल्या खिशाकडे वळवावा, किंवा स्थानिक मंडळाची लेखी परवानगी घेऊन त्यांचे बोधचिन्ह लावावे.

किमतीच्या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे. कच्चा माल फुकट मिळाला म्हणून वस्तू स्वस्त विकण्याचा मोह गटाने टाळावा. फाटका चेंडू उसवणे, तुकडे निवडणे, पुसणे आणि हाताने शिवणे यांना नव्या रेक्झिनची पिशवी शिवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि किंमत कमी धरली की ती तूट शिवणाऱ्या बाईच्या मजुरीतूनच भरून निघते. एक वस्तू पूर्ण करायला लागणारे तास मोजावेत, त्यांना आपल्या भागात कुशल शिलाईला मिळणारा दर लावावा, त्यात दोरा, अस्तर, चेन आणि बक्कल यांचा खर्च मिळवावा आणि मग विक्रीचा भाव ठरवावा. त्या भावाला गिऱ्हाईक मिळत नसेल, तर मजुरी न कापता कमी वेळात होणारी वस्तू निवडावी. फुटबॉलच्या पंचकोनाचे किचेन किंवा पाकीट त्यासाठी योग्य आहे.