कस्टम पोस्ट टाइप: टेम्पलेट थीममध्ये, रजिस्टरचा कोड प्लगिनमध्ये

तुमचा प्रश्न असा: वर्डप्रेसमध्ये 'प्रोजेक्ट' हा कस्टम पोस्ट टाइप (पोस्ट आणि पेजखेरीज आपण कोडने रजिस्टर केलेला, म्हणजे नोंदवलेला, मजकुराचा प्रकार) बनवलाय, पण तो साध्या ब्लॉगपोस्टसारखा दिसतो आणि त्याच्या यादीचं पान ४०४ देतं. तो तसा दिसतो, कारण थीममध्ये सिंगल-प्रोजेक्ट.पीएचपी ही फाइल नाही. वर्डप्रेस आधी ती शोधतं, मग सिंगल.पीएचपी, मग सिंग्युलर, शेवटी इंडेक्स. चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमला हात न लावता बदल ठेवायची जोडथीम) सिंगल.पीएचपीची कॉपी त्या नावाने ठेवा आणि हवं ते बदला. फाइलला रजिस्टर करताना दिलेलं नाव लागतं, स्लग, म्हणजे यूआरएलमध्ये दिसणारं नाव, नाही; बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. यादीचं पान ४०४ देतंय, तर रजिस्टरच्या कोडमध्ये 'हॅज_आर्काइव्ह' ट्रू करा आणि पर्मालिंक सेटिंगमध्ये काही न बदलता सेव्ह दाबा.

पण तुम्ही रजिस्टरचा कोड थीमच्या फंक्शन्स.पीएचपीमध्ये टाकलाय, तो आजच काढून प्लगिनमध्ये न्या. नागपूरच्या काटोल रोडकडच्या एका संत्रा रोपवाटिकेची साइट माझ्याकडे आली ती याच पायी. आधीच्या डेव्हलपरने 'रोप' हा पोस्ट टाइप थीममध्येच रजिस्टर केला होता. पावसाळ्याच्या तोंडावर, ऐन विचारणा सुरू असताना मालकांनी थीम बदलली आणि डॅशबोर्डवरून 'रोपं' हा मेनूच गेला. जंबेरी खुंटावरची कलमं, रंगपूर लाइमवरची कलमं, सगळी पानं ४०४. मालकांना वाटलं, माहितीच उडाली. ती होती तिथेच होती: डब्ल्यूपी_पोस्ट्स टेबलमध्ये, पोस्ट_टाइपच्या रकान्यात 'रोप'. तोच कोड, तेच नाव, इनिट हुकवर (वर्डप्रेस लोड होताना कोड चालवायची ठरलेली जागा), एका छोट्या प्लगिनमध्ये टाकला आणि पर्मालिंक सेव्ह केले. सगळं परत आलं. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं असतं तर जुनी एकही नोंद दिसली नसती.

'एवढ्याशा कोडसाठी प्लगिन कशाला, साइट जड होते' हे नागपुरात अजूनही ऐकवतात. साफ चूक आहे. तोच कोड फंक्शन्समध्ये चालो की प्लगिनमध्ये, सर्व्हरला काम तेवढंच. थीम उद्या बदलेल; रोपांची माहिती मालकाची आहे, ती थीमसोबत गायब व्हायला नको.

प्लगिनमध्ये फ्लश_रीराइट_रूल्स (यूआरएलचे नियम नव्याने लिहिणारं फंक्शन) इनिटवर लावू नका, दर पेजलोडला ते नियम नव्याने लिहिले जातात. अ‍ॅक्टिव्हेशनला एकदाच, आणि त्याआधी तिथेच पोस्ट टाइप रजिस्टर करून.

हे क्लासिक, म्हणजे पीएचपी टेम्पलेटच्या थीमचं झालं. ब्लॉक थीम (जिची टेम्पलेट साइट एडिटरमध्ये ब्लॉकने बनतात) असेल तर टेम्पलेट्स फोल्डरमध्ये सिंगल-प्रोजेक्ट.एचटीएमएल लागेल. साइट एडिटरमधून ते टेम्पलेट एकदा जरी सेव्ह केलं असेल, तर डेटाबेसमधली प्रत चालते आणि फाइल कितीही बदला, पान तसंच राहतं. तिथे आधी टेम्पलेट रीसेट करा.