पर्कशन म्हणजे वाजवून बघणं

वडिलांच्या फाईलमध्ये 'पर्कशन नोट डल' असं लिहिलंय, तर हे पर्कशन आणि ऑर्केस्ट्रातलं पर्कशन एकच का आणि मराठीत काय म्हणायचं, असा प्रश्न आहे. (तब्येतीचं काय ते डॉक्टरांनाच विचारा हं, मी फक्त शब्दाचं सांगतोय.)

एकच आहे. लॅटिनमध्ये क्वातेरे म्हणजे हलवणं, हादरवणं, त्याला 'पेर' हा उपसर्ग लागून पेर्कुतेरे झालं, म्हणजे ठोकणं. डोक्याला मार बसल्यावरचं कन्कशन त्याच घरातलं, आणि गंमत म्हणजे डिस्कशनसुद्धा, त्याचा मूळ अर्थ आपटून विस्कटून टाकणं, आमच्या सोसायटीच्या मीटिंगला तो अजून लागू आहे. आणि नोट म्हणजे इथे टिपण नाही बरं का, आवाज, सूर.

छातीवर बोटांनी ठोकून आवाज ऐकायची ही तपासणी पुढे आणली लिओपोल्ड औएनब्रुगर या ऑस्ट्रियन डॉक्टरने, 1761 साली व्हिएन्नात लॅटिन पुस्तिका काढून. त्याच्या वडिलांची ग्राझला खानावळ होती, तिथे दारूचं पिंप किती भरलंय ते ठोकून बघायचे त्यावरून सुचलं असं सांगतात. तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही, 1808 मध्ये नेपोलियनचा डॉक्टर कोर्विसार याने फ्रेंच भाषांतर केलं तेव्हा कुठे ते चाललं. फुप्फुसात हवा म्हणून आवाज घुमतो, पाणी साचलं की तोच बद्द येतो, तेच ते डल.

आपल्याकडे चरकसंहितेत पोटाच्या रोगांच्या (उदररोग) प्रकरणात वात भरलेलं पोट ठोकलं की फुगवलेल्या पखालीसारखं वाजतं असं आलंय. आयुर्वेद कॉलेजातली मुलं या तपासणीला आकोठन म्हणतात, कुठे आकोटन असंही दिसतं. पालीत आकोटन म्हणजे ठोकणं, दार ठोठावणं, आणि त्यातला धातू कुट्ट, म्हणजे आपलं कुटणं त्याचंच. हिंदी परिभाषेतलं परिताडन मला काही पटत नाही, ताडन म्हटलं की शाळेतली छडीच आठवते. मराठीत सरळ 'वाजवून बघणं' म्हणावं की, माठ घेताना आपण टिचकी मारून तेच तर करतो, चिरलेला असला की बद्द वाजतो. डॉक्टरांच्या पुस्तकातही बाळाच्या डोक्यात पाणी वाढल्यावर टिचकीला जो आवाज येतो त्याला चक्क फुटक्या मडक्याचा आवाज असंच नाव आहे.