मोटरहोमची मोरी तुंबलीय का नुसती गुदमरलीय?

तुमचं सगळं परत एकदा नीट वाचलं. सेकंडहँड ३० फुटी क्लास सी (व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेलं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर) घेतलीत, पहिल्या माणसाची आंघोळ ठीक होते, दुसऱ्याच्या वेळी घोटाभर पाणी साठतं, मग अर्ध्या-पाऊण तासाने ते आपोआप जातं, आणि बेसिनचं पाणी सोडलं की शॉवरच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो. दुकानवाल्याने नुसतं बघायचे दीडशे डॉलर सांगितलेत आणि कुणीतरी ड्रेन क्लीनरची आख्खी बाटली ओतायचा सल्ला दिलाय. ती बाटली ओतू नका, एवढं आधी सांगते. बाकीचं चहा घेऊन निवांत वाचा, मला थोडक्यात लिहिता येत नाही.

आम्ही २०१५ पासून एक जुनी क्लास सी वापरतोय, नवरा चालवतो आणि प्लंबिंग माझ्याकडे (लग्नात असं काही ठरलं नव्हतं). पहिली दोन वर्षं मीही घरच्या मोरीचाच हिशोब लावत होते, मोरी तुंबली म्हणजे काहीतरी अडकलंय, सळई घाला, काहीतरी ओता. घरी ते चालतं कारण पाणी पाइपातून बाहेर निघून जातं. मोटरहोममध्ये ते कुठे जात नाही हो, तुमच्या पायाखालीच ग्रे टँकमध्ये साठतं. आंघोळीचं, बेसिनचं आणि बऱ्याच गाड्यांत ओट्यावरचंही पाणी त्याच टाकीत, संडासाची ब्लॅक टँक वेगळी. आणि टाकी बंद. आता बंद टाकीत पाणी आत जायचं तर आतली तेवढीच हवा बाहेर पडायला नको का? आपल्याकडे तेलाचा १५ किलोचा डबा फोडायचे तेव्हा आई एका कोपऱ्यात भोक पाडून थांबायची नाही, समोरच्या कोपऱ्यात दुसरं पाडायची, नाहीतर तेल गचके खात यायचं. इथे हवेची दिशा उलटी, बाकी गणित तेच. ते दुसरं भोक म्हणजे तुमच्या छपरावरचा व्हेंट पाइप. तुमच्या लक्षणांवरून माझा पहिला संशय त्याच्यावरच आहे, केसांवर नाही.

पण आधी टाकी भरलीय का ते निकालात काढू, कारण दहातले निम्मे लोक तिथेच फसलेले असतात. अमेरिकेत १९९४ पासून शॉवरहेडला मिनिटाला जास्तीत जास्त अडीच गॅलनची मर्यादा आहे, गाडीतला थोडा कमीच सोडतो, मिनिटाला दोन धरा. दहा मिनिटांची एक आंघोळ म्हणजे २० गॅलन. ग्रे टँक साधारण ३० ते ४० गॅलनची. दोन आंघोळी आणि सकाळची भांडी, झाली की टाकी गच्च! शॉवरचा ड्रेन सगळ्यात खाली असतो त्यामुळे टाकी भरली की पाणी पहिलं तिथून डोकं वर काढतं. पॅनेलवरच्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका, सेन्सरवर साबणाचा आणि तेलकटपणाचा थर बसतो आणि मग रिकाम्या टाकीलाही ते दोन तृतीयांश म्हणत राहतात. माझी खूण वेगळी आहे: ओट्यावर तांदूळ धुतले आणि ते पांढुरकं पाणी शॉवरमध्ये आलं की टाकी भरली. पण भरलेल्या टाकीचं पाणी आपोआप उतरत नाही, व्हॉल्व्ह उघडेपर्यंत तिथेच राहतं. तुमचं उशिरा का होईना जातं. म्हणजे आत जागा आहे, वाट अरुंद आहे नाहीतर हवा अडलीय.

या दोघांत फरक करायला बादली पुरे. टाकी साधारण अर्धी झाली की डंप स्टेशनवर (गाड्यांचं सांडपाणी सोडायच्या ठरलेल्या जागी) जा, होज जोडा, पण ग्रेचा व्हॉल्व्ह अजून बंदच ठेवा आणि तीन-चार गॅलन पाणी शॉवरमध्ये भदाभदा ओता. फोनवर वेळ लावा, किती सेकंदांत जातं बघा. मग नेहमीसारखं आधी ब्लॅक सोडा, नंतर ग्रे म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुऊन निघतो, आणि ग्रेचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवून तेवढंच पाणी परत ओता. पहिल्यांदा रखडलं आणि दुसऱ्यांदा सरळ खाली गेलं तर पाइप मोकळा आहे, हवेची भानगड आहे, कारण आता टाकीला खालून हवेला वाट मिळाली. दोन्ही वेळा रखडलं तर मग केस आणि साबण. होज न जोडता मोकळ्या जागेत व्हॉल्व्ह उघडून बघू म्हणाल तर नको, नॅशनल पार्कात असं पाणी जमिनीवर सोडायला बंदी आहे आणि बऱ्याच राज्यांतही चालत नाही.

हवेची भानगड निघाली तर छपरावर जावं लागेल. ओलं असताना जाऊ नका आणि जुनं छप्पर असेल तर एखादी प्लायची फळी टाकून तिच्यावर गुडघे टेका. वर छोट्या टोप्या दिसतील, एक ब्लॅकची, एक ग्रेची, मोठी जाळीवाली असते ती फ्रीजची, तिला हात लावू नका. ग्रेच्या टोपीचे स्क्रू काढा, आत टॉर्च मारा. आमच्या पाइपात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं, इतकं पक्कं की स्क्रूड्रायव्हरने टोकरून काढावं लागलं, आणि ते खाली टाकीत न पाडता वर ओढायचं हे मला अर्धं खाली पडल्यावर सुचलं. टोपी परत लावताना स्क्रूच्या डोक्यांवर आणि कडेने छपराला चालणारा लॅप सीलंट भरा, साधा सिलिकॉन नको, नाहीतर शॉवरचं पाणी जाईल आणि पावसाचं येईल.

घरटं नसेल तर दुसरी गोष्ट बघा, तुमच्याकडे ही असेल असं मला फार वाटतंय. हा पाइप बऱ्याच गाड्यांत टाकीच्या वरच्या रबरी कड्यात नुसता खोचलेला असतो. हजारो मैल खडखडाट झाला की हळूहळू खाली घसरतो आणि त्याचं टोक टाकीच्या आत लोंबायला लागतं. टाकी रिकामी असते तोवर सगळं छान, पाणी त्या टोकापर्यंत चढलं की तोंड बुडालं, हवा बंद. पहिली आंघोळ ठीक आणि दुसरी रखडते, हे अगदी असंच वागणं आहे! हवा मग मिळेल तिथून निसटायला बघते, म्हणून ती गुडगुड. छपरातून बघितलं की पाइपाचं वरचं टोक छपराच्या पातळीपेक्षा बरंच खाली दिसेल. हाताने वर ओढा, थोडं फिरवत फिरवत, दोन-तीन इंच पुरतात, आणि परत घसरू नये म्हणून वरच्या टोकाला भोवती पट्टीचा क्लॅम्प आवळा. आमच्या ओळखीच्या एकांनी दोन वर्षं ड्रेन साफ करण्यात घालवली आणि शेवटी इलाज निघाला तो हा, एका क्लॅम्पचा.

आणखी एक, ओट्याखालच्या कपाटात पाइपावर काळ्या बुचासारखं काहीतरी असतं, त्याला पण लोक व्हेंट म्हणतात आणि बदलून बसतात. ते हवा फक्त आत घेतं, बाहेर सोडत नाही. टाकीतली कोंडलेली हवा त्यातून सुटणार नाही, तेव्हा त्याच्या नादी लागू नका.

आता दोन्ही बादल्या रखडल्या तर. इथे आमची दिवाळी सांगते म्हणजे काय करू नये ते कळेल. नोव्हेंबरात झायन नॅशनल पार्कातल्या वॉचमन कँपग्राउंडला होतो, तिथे साइटवर वीज मिळते पण सांडपाण्याची सोय नाही, डंप स्टेशनपर्यंत गाडी न्यावी लागते. रात्री चांगलाच गारठा. नरकचतुर्दशीला पहाटे मला काय सुचलं, चौघांना यथासांग तेल लावून, उटणं चोळून अभ्यंगस्नान. सहा गॅलनच्या गीझरवर! तिसऱ्याच्या वेळी पाणी साठलं ते हलेना. मी प्लंजर घेतला आणि घरच्यासारखा जोर लावला. दहा-बारा हिसके दिले आणि पाणी एकदम सर्रकन गेलं, मी खूश. संध्याकाळी फराळ काढायला बाहेरचं सामानाचं कपाट उघडलं तर चिवड्याचा डबा तेलकट पाण्यात बसलेला. शॉवरखालच्या ट्रॅपचा (वास अडवायला थोडं पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या पाइपाचा) नट हाताने आवळलेला असतो, तो माझ्या हिसक्यांनी सुटला होता आणि सगळी आंघोळ कपाटात उतरली होती. चकल्या पिशवीत होत्या म्हणून वाचल्या.

तो ट्रॅप काढला तेव्हा आत जे होतं ते बघून मला शिकायला मिळालं. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, हे आपल्याला थंडीत निळ्या बाटलीवरून माहीतच आहे, पण फरशीखालचा पाइप म्हणजे थंडीतली बाटलीच की! गोठलेलं तेल, त्यात उटण्यातली मुलतानी माती, त्यात चौघांचं गुंतवळ, असा पांढरट-करडा गोळा, बोटाने दाबला तर मेणासारखा. साबणाच्या वडीने आणि जड पाण्याने जो साका होतो तो वेगळा, खरखरीत, पण आपल्या घरांत तेल असतंच. हल्ली आम्ही तेल लावलं असेल तर आधी टिश्यूने पुसून घेतो आणि उटणं घरी.

काढायचं कसं: शॉवरच्या जाळीचा मधला स्क्रू काढा, काहींची जाळी नुसती दाबून बसवलेली असते, चाकूच्या टोकाने उचला. हार्डवेअरच्या दुकानात काटेरी प्लास्टिकची लांब पट्टी मिळते, दोन-तीन डॉलरला, ती हळूहळू आत सोडा, अडेल तिथे थांबा, दोन वेळा फिरवा आणि सावकाश वर ओढा. हिसका दिलात तर केस तुटून अर्धे आतच राहतात. पहिल्या ओढीला थोडंच येतं, तिसऱ्या-चौथ्याला खरा माल येतो, आमच्याकडे मेलेल्या उंदराएवढा आला होता, शेपटीसकट. प्लास्टिकची पिशवी आधी उघडून ठेवा, हातात तो गोळा घेऊन पिशवी शोधत फिरायची वेळ येते. मग गीझरचं कडकडीत पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन चमचे, पाच मिनिटं थांबा, परत पाणी. चुलीवर उकळलेलं ओतू नका, हे पाइप प्लास्टिकचे असतात, मऊ पडतात आणि सांधे सुटतात.

पण पट्टी घालायच्या आधी खाली काय आहे ते बघा. नव्या गाड्यांत जागा वाचवायला वाकड्या ट्रॅपऐवजी हेपवो नावाची सरळ पांढरी नळी बसवतात, तिच्यात पाणी थांबत नाही, आत एक लवचिक पडदा असतो. त्यात काटेरी पट्टी किंवा तार घातली तर पडदा फाटतो आणि मग टाकीचा वास थेट बाथरूममध्ये. ती असेल तर दोन्हीकडचे नट सोडवून काढा, धुवा, आणि वाहण्याच्या दिशेचा बाण बघून परत लावा. पोचायची वाट गाडीप्रमाणे वेगळी, कधी बाहेरच्या कपाटातून, कधी पलंगाखालच्या फळीतून. हे बघताना पाइप कुठे लोंबकळतोय का तेही बघा, फुटाला पाव इंच उतार हवा, पाइप धरून ठेवणारी पट्टी तुटून मधेच झोळ पडला असेल तर तिथे गाळ साठतोच.

प्लंजर वापरायचाच असेल तर बेसिनच्या तोंडात ओला फडका कोंबा, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो, आणि हलक्या हाताने, चिवडा आठवून. ड्रेन क्लीनरचं म्हणाल तर तो तुंबलेल्या ट्रॅपमध्ये बसून तापतो, प्लास्टिकला आणि व्हॉल्व्हच्या रबरी सीलना ते सोसत नाही, आणि नाही उघडलं तर तेच जळजळीत पाणी तुम्हाला ट्रॅप काढताना हातावर घ्यायचंय. सोडा आणि व्हिनेगरने फेस छान येतो, मुलांना दाखवायला बरा. दोघं एकमेकांना मारून टाकतात, गोळा तिथेच.

गाडी लेव्हल आहे ना तेही एकदा बघाच. ड्रेन मागच्या कोपऱ्यात आणि गाडीचं नाक खाली असेल तर पुढच्या बाजूला पाणी साठणारच, पुढच्या चाकाखाली एक ठोकळा घातला की काम होतं. तुमची गुडगुड मात्र ठोकळ्याने जाणार नाही.

तेव्हा या वीकेंडला बादल्यांचं करा आणि दोन्ही वेळा सेकंदांत लिहा. खाली ट्रॅप आहे का हेपवो त्याचा फोटो टाका, आणि छपरावर चढलात तर पाइपाचं टोक किती खाली दिसतं तेही. शॉवरजवळ वास येतो का हे तुम्ही लिहिलं नाहीत, तो येत असेल तर मी पैज लावते, व्हेंटच.