४८ तासांत कथा लिहायच्या स्पर्धेत भाग घ्यावा का, कसं जमवायचं?

घ्या बिनधास्त. मी एनवायसी मिडनाइट या लेखनस्पर्धा घेणाऱ्या अमेरिकी संस्थेची फ्लॅश फिक्शनवाली, म्हणजे अगदी छोट्या कथांची स्पर्धा केलीये, इंग्रजीत लिहावं लागतं आणि फी आहे हे आधीच सांगतो. तुम्हाला कथाप्रकार, जागा आणि एक वस्तू देतात, ४८ तास आणि जास्तीत जास्त १००० शब्द, बस. सुरुवात न्यूयॉर्कच्या रात्री ११:५९ ला, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ९:२९, त्यामुळे जागरण नाही, चहा पिता पिता मेल उघडायचा. मला भूतकथा, लाँड्री आणि छत्री आलं होतं, पहिला अख्खा दिवस मी लाँड्रीवाल्याचं बालपण लिहीत बसलो आणि रात्री बघतो तर १६०० शब्द झालेले आणि भुताचा पत्ताच नाही! मग सगळं उडवलं, थेट कोरड्या दिवशी ओली छत्री सापडते तिथून सुरू केलं. पात्रं दोन, फार तर तीन ठेवा, वस्तू कथेत खरोखर दिसली पाहिजे, नुसता उल्लेख नको. शेवटचे दोन तास फक्त काटछाटीला. नंबर नाही आला तरी परीक्षकांचा फीडबॅक मिळतो, मला तरी पैसे त्यातच वसूल वाटले.